जानकीबाई हॉटेलात बसली न्हाय

भिवंडीजवळच्या राहनाळच्या जानकीबाईने आपल्या मुलाला, म्हणजे हितेशला, जन्मात दोनदाच मोठ्याने उलट उत्तर दिलं. पहिल्यांदा तो बारावी सोडून ट्रकवर बसायला निघाला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, माल्टाच्या सहलीवरून.

हितेशचं आता बरं चाललं होतं. दापोड्याच्या रस्त्याला त्याची ट्रान्सपोर्टची कचेरी होती, घरच्या जमिनीवर दोन गोडाऊनं उभी होती. मुलगी उन्नती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली, तेव्हा त्याने जाहीर केलं की यंदा गोवा नको, केरळ नको, यंदा सरळ युरोपातलं बेट. समुद्रातलं छोटंसं बेट, सगळीकडे इंग्रजी चालतं, जगातली माणसं तिथे सुट्टीला जातात. तो, बायको रीमा आणि उन्नती. आईला आठ दिवस केसरीनाथकाकांकडे ठेवायचं, असं त्याने आईला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

जानकीबाई तेव्हा पडवीत कोळंबी सोलत बसली होती. उन्नती शेजारी बसून तिला मोबाइलवर बेटाचे व्हिडिओ दाखवत होती. निळं पाणी, पिवळ्या दगडाची घरं, देवळं. मग समुद्राच्या कडेला खडकात कोरलेले चौकोन आले, शेकडो चौकोन, आणि त्यांच्या कडेने पांढऱ्या ढिगांच्या रांगा.

जानकीबाईचे हात थांबले.

"परत दाखव," ती म्हणाली. उन्नतीने परत दाखवलं. "अगो, हे तर आगर हाय! मीठ पिकवतात हे लोक."

जानकीबाईचं माहेर खाडीपलीकडे, भाईंदरच्या बाजूला. वयाच्या नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत ती बापाबरोबर मिठागरात राबली होती. हिवाळ्यात वाफ्यांचा चिखल पायांनी तुडवायचा, उन्हाळ्यात मीठ ओढायचं आणि टोपल्या डोक्यावरून वाहायच्या. लग्नानंतर भातशेती आली, मग शेती जाऊन गोडाऊनं आली. मिठागर तिने जवळजवळ पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी हितेश घरी आला, तेव्हा तिने सांगितलं, "मी पन येनार हाय."

हितेश हसला. "आये, तिथं चालायला लागतं खूप. तुझं गुडघं?"

"गुडघं माझं हाईत. मी बघून घेईन."

"खायला काय भेटनार तुला? आनि इमान बारा-बारा तास."

"तुझ्या बाच्या ट्रकात मी नाशकापर्यंत उभी गेलेय, तू पोटात होतास." जानकीबाईचा आवाज चढला. "इचारत न्हाय मी तुला. सांगते. गोडाऊनचा कागद माझ्या नावाचा हाय, त्याच्यावर सही करायला मी चालते आनि इमानात बसायला न्हाय चालत?"

शेजारच्या दोन घरांपर्यंत आवाज गेला. रीमा कल्याणची, शाळेत शिक्षिका, घरात भांडण नको म्हणणारी. तिनेच शेवटी म्हटलं, "येऊ द्या ना आईंना. खोली तर उन्नतीची आहेच."

व्हिसाच्या ऑफिसात मशीनवर जानकीबाईच्या बोटांचे ठसे उमटेनात. चार वेळा पुसलं, मलम लावलं, तरी मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. खिडकीतली मुलगी वैतागून म्हणाली, "आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत." जानकीबाईने पुन्हा बोट दाबलं आणि म्हणाली, "हाईत. तुझं मशीन नीट बघत न्हाय." पाचव्यांदा ठसा उमटला.

प्रवासासाठी रीमाने तिला पंजाबी ड्रेस आणले होते. ती नऊवारी नेसूनच विमानात चढली.

*

हॉटेल बुजिबा नावाच्या गावात होतं, अगदी समुद्रावर. पण पहिल्या तीन दिवसांत जानकीबाईने माल्टातली बाकडीच पाहिली. व्हॅलेटा शहरात तटाजवळचं बाकडं, जुन्या गढीच्या गावात दरवाजाजवळचं बाकडं, कोळ्यांच्या बंदरावर रंगीत होड्यांसमोरचं बाकडं. प्रत्येक ठिकाणी हितेश म्हणायचा, "आये, तू इथं बस, आमी आलोच." आणि ते तासाने, दीड तासाने यायचे, हातात आइस्क्रीम आणि मोबाइलमध्ये पन्नास फोटो घेऊन. ती दोनदा म्हणाली, "आगर कधी बघायचं?" हितेश दोन्ही वेळा म्हणाला, "ते दुसऱ्या बेटावर हाय, गोझोवर. आपल्या पॅकेजमध्ये न्हाय. बघू नंतर."

चौथ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसल्यावर हितेश म्हणाला, "आज आमी बोटीनं निळ्या पान्यात चाललोय. छोटी बोट हाय, हलते. तू आज हॉटेलात आराम कर. टीव्ही हाय, एसी हाय. जेवन खोलीत येईल."

जानकीबाईने पाव चहात बुडवून खाल्ला. हितेश आणि रीमा टॉवेल घ्यायला वर गेले, तेव्हा तिने उन्नतीला विचारलं, "ती आगरं नकाशात कुठं हाईत गो?"

उन्नतीने फोनवर दाखवलं.

"तिथं जानारं मानूस कसं जातं?"

उन्नतीने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "आजे, तू एकटी जानार?"

"मी बोलले का तसं? लिहून दे फक्त."

उन्नतीने हॉटेलच्या कागदावर मराठीत ओळीने लिहून दिलं. बस २२२, शेवटचा थांबा चिर्केवा. तिथून मोठी बोट. पलीकडे म्जार बंदर, तिथून बसने व्हिक्टोरिया. तिथे बस बदलून ३१०, मार्सलफोर्न. मग समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत. खाली तिने हॉटेलचं कार्ड टाचलं आणि आपल्या पाकिटातले सगळे सुटे युरो आजीच्या हातात ओतले. बापाला काही बोलली नाही.

जानकीबाई चौथी शिकलेली होती. इंग्रजी अक्षरं तिला लागत नसत, पण आकडे पक्के होते. तीस वर्षं घरासमोरून जाणाऱ्या ट्रकांचे नंबर तिने वाचले होते.

साडेनऊला ती थांब्यावर उभी राहिली. पहिली २२२ आली आणि समोरून निघून गेली. जानकीबाई तिच्या मागे दोन पावलं धावली. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याने हात हलवून दाखवलं की इथे हात केल्याशिवाय बस थांबत नाही. दुसरी बस भरलेली होती, तिने हात करूनही थांबली नाही. तिसरी दिसली तशी जानकीबाई सरळ रस्त्यावर उतरली आणि अंजूरफाट्याला टमटम अडवतात तसा पुरा हात आडवा करून उभी राहिली. बस करकचून थांबली.

ड्रायव्हर काळासावळा, मिशीवाला. त्याने दार उघडलं, तिच्या नऊवारीकडे पाहिलं आणि इंग्रजी विसरून म्हणाला, "अम्मा! ऐसा बीच में आते क्या? कां जाना है?"

"नमक के खेत," जानकीबाई म्हणाली. भिवंडीत लूमवाल्यांच्या शेजारात आयुष्य गेलेलं, हिंदी तिला आडवी येत नव्हती. "तुम कहाँ के?"

"हैदराबाद. अकेले जारे? घरवाले कां हैं?"

"घरवाले पानी में गए हैं. तू तिकीट दे."

तो हसला. त्याने तिकीट दिलं, तिला आपल्या मागच्या जागेवर बसवलं आणि वळणं घेता घेता सांगितलं की बोटीवर जाताना कोणी पैसे मागणार नाही, तिकीट येताना घ्यायचं असतं, घाबरू नका. जानकीबाईने ते दोनदा म्हणवून घेतलं. फुकट बोटीत चढल्याचा आळ तिला नको होता.

समोरच्या सीटवरच्या एका गोऱ्या बाईने मोबाइल वर केला आणि जानकीबाईच्या नाकातल्या नथीचा, लुगड्याच्या काष्ट्याचा फोटो काढला. विचारलं नाही, हसलीही नाही. जानकीबाईने आपला मोबाइल काढला, त्या बाईच्या तोंडासमोर धरला आणि तिचे तीन फोटो काढले. एक तोंडाचा, एक टोपीचा, एक चपलांचा. बाई लाल झाली, मग काहीतरी पुटपुटून तिने आपला फोटो पुसून दाखवला. जानकीबाईनेही तिचे पुसले. ड्रायव्हर आरशात बघून इतका हसला की पुढचा थांबा चुकायची वेळ आली.

बोट मोठी होती, पोटात गाड्या भरलेली. जानकीबाई वरच्या कठड्याशी उभी राहिली. बसायला बाकडी होती. ती बसली नाही.

पलीकडे व्हिक्टोरियापर्यंत सगळं कागदाबरहुकूम झालं. तिथल्या बसस्टँडवर मात्र घोटाळा झाला. एकाच वेळी चार बसगाड्या लागल्या, माणसं पळाली, आणि घाईत जानकीबाईने ३०१ ला ३१० समजून पाय ठेवला. वीस मिनिटांनी बस उताराला लागली, समोर बंदर दिसलं, आणि जिच्यातून ती उतरली होती तीच बोट धक्क्याला लागलेली दिसली. ती होती तिथेच परत आली होती.

ती खाली उतरली. ऊन डोक्यावर होतं, उजवा गुडघा ठणकत होता. बोटीचा दरवाजा उघडा होता, लोक चढत होते. चढली असती तर दीड तासात हॉटेलात, एसीत, आणि कोणाला कळलंही नसतं. तिने पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायलं. तेवढ्यात फोन वाजला.

हितेशचा होता. वारा सुटला म्हणून छोट्या बोटी अर्ध्या वाटेतून परत आणल्या होत्या, आणि हॉटेलची खोली रिकामी होती.

"आये! कुठं हायस तू?"

"गोझोला."

"काय?" त्याच्या आवाजात भीती आणि राग एकत्र होते. "एकटी? कशी गेलीस? कोनी नेलं तुला?"

"कोनी न्हाय नेलं. बस हाय, बोट हाय. जातात तशी मी आलेय."

"हे बघ, तू हाय तिथंच बस. एक पाऊल हलू नको. मी टॅक्सी घेऊन येतो."

जानकीबाईने बंदराकडे पाहिलं. धक्क्यावर सावलीत एक छान हिरवं बाकडं होतं.

"बसनार न्हाय," ती म्हणाली. "तीन दिवस तू बसवलंस तिथं तिथं बसलेय. मी आगरावर चाललेय. यायचं असंल तर तिथं ये."

आणि तिने फोन ठेवला. हितेशचा फोन तिने आपण होऊन कापला, असं याआधी कधीच झालं नव्हतं. व्हिक्टोरियाची बस आली. या वेळी तिने ड्रायव्हरला कागदावरचा ३१० बोटाने दाखवला, आणि स्टँडवर उतरल्यावर प्रत्येक बसच्या कपाळावरचा आकडा तिन्ही अंकांनी वाचला.

मार्सलफोर्नपासून ती समुद्राच्या कडेने चालत निघाली. टुरिस्टांच्या गाड्या बाजूने जात होत्या. रस्ता एका टेकाडाला वळसा घालून गेला आणि मग ते दिसलं.

खडक समुद्रापर्यंत उतरत गेलेला, आणि त्यात एकाला एक लागून वाफे. काहींत नुसतं पाणी, काहींत वर साय आलेली, काही पांढरेफटक पिकलेले. वास तोच होता. वरच्या रस्त्यावर लोक फोटो काढत होते, दोरी बांधलेली होती. खाली एक म्हातारा आणि त्याची बायको लांब दांड्याच्या झाडूने मीठ ओढून ढीग करत होते.

जानकीबाईने चपला काढून हातात घेतल्या आणि दोरीखालून आत गेली.

म्हातारा ओरडला. त्याची बायको झाडू टाकून तरातरा पुढे आली, हाताने मागे जा, मागे जा करत. ती जानकीबाईच्याच वयाची असावी, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत रापलेले हात. टुरिस्ट रोज मीठ तुडवत असणार, तिचा राग जानकीबाईला समजला. ती एकही वाफा न तुडवता दोन वाफ्यांमधल्या अरुंद दगडी बांधावर उभी होती. खाली वाकून तिने काठावरचा एक खडा उचलला, तळहातावर चुरडला, जिभेवर ठेवला.

"अजून ओलं हाय," ती मराठीत म्हणाली. "एक दिवस थांबायला पायजे होतं. वारा हाय म्हनून काढताय का?"

बाईला शब्द कळले नाहीत. पण तिने जानकीबाईच्या पायांकडे पाहिलं, बांधावर कुठे ठेवलेत ते पाहिलं. जानकीबाईने हवेत दांडा ओढून दाखवला, मग टोपली उचलून डोक्यावर घेतल्यासारखं केलं. छातीवर हात ठेवला. बोट लांब, समुद्राच्या पलीकडे दाखवलं.

"मीठ," ती म्हणाली.

"मेल्ह," बाई म्हणाली.

दोघींनी एकमेकींचा शब्द म्हणून पाहिला. मग बाई वळली आणि दुसरा झाडू घेऊन आली.

जानकीबाईने काष्टा घट्ट खोचला. पहिले चार हात वेडेवाकडे पडले, झाडूची सवय नव्हती. मग कंबरेला आठवलं. दगडाचा तळ तिला फार आवडला. भाईंदरला हाच तळ करायला महिनाभर चिखल तुडवावा लागायचा, पायाला भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. ते सगळं ती त्या बाईला मराठीत सांगत होती, आणि ती बाई आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती, बहुतेक नवऱ्याविषयी, कारण मधून मधून त्याच्याकडे हात करून नाक मुरडत होती. म्हाताऱ्याने एकदा येऊन जानकीबाईचा ढीग पाहिला, पायाने कड जरा सारखी केली आणि मान हलवून गेला.

हितेश पोचला तेव्हा पाच वाफे रिकामे झाले होते.

टॅक्सीतून उतरून तो दोरीजवळ उभा राहिला. मागे रीमा आणि उन्नती. वरून चाळीस लोक आपल्या आईकडे बघतायत, मोबाइल लावून बघतायत, हे त्याला दिसलं. तो खाली उतरला, तसा म्हातारा पुन्हा ओरडला. हितेशचा बूट पिकल्या वाफ्यात पडला होता.

"बांधावरून ये!" जानकीबाई ओरडली. "मीठ हाय ते, तुडवू नको!"

तो बांधावर आला. तोंड उन्हाने आणि रागाने लाल झालं होतं. "आये, चल आता. लाज हाय का न्हाय? इतका खर्च करून आनलं तुला, आनि तू इथं मजुरी करतेस? लोक व्हिडिओ काढतायत!"

जानकीबाईने झाडू उभा धरला.

"मजुरी," ती म्हणाली. "तुझा आजा हेच करायचा. मी हेच करायची. आपल्याला आगरी म्हनतात ते कशावरून? गोडाऊनावरून न्हाय. तुला लाज वाटत असंल तर वाटू दे. मला वाटत न्हाय."

"लाजेचा प्रश्न न्हाय. तू हरवली असतीस म्हंजे?"

"हरवले होते. बंदरावर परत गेले, परत बस पकडली." ती एक पाऊल पुढे आली. "तू मला माल्टा दाखवायला आनलंस, आनि तीन दिवस बाकड्यावर ठेवलंस. मी काय सामान हाय? सांग ना. ट्रकमधलं पार्सल हाय मी, उतरवून ठेवायला?"

हितेशने बुटावरचं मीठ झटकलं. "टॅक्सी उभी हाय वर," तो शेवटी म्हणाला. "चल."

"हा वाफा हुईल तवा चालेन. आनि टॅक्सीनं न्हाय. मी बसनं आलेय, बसनं जाईन."

उन्नतीने तेवढ्यात सँडल काढल्या होत्या. ती आजीच्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हाताऱ्या बाईने तिला ढीग भरायला बादली दिली. हितेश वर जाऊन टॅक्सीत बसला, दार आपटून. पाच मिनिटं रीमा रस्त्यावर घुटमळत राहिली, एकदा टॅक्सीकडे, एकदा खाली बघत. मग ती खिडकीशी वाकली.

"तुम्ही पुढे व्हा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी पण बसनेच येते आईंबरोबर."

"तू पन?"

"तीन दिवस मी बघत होते, बोलले नाही. माझंच चुकलं."

टॅक्सी हितेशला एकट्याला घेऊन गेली. निघताना म्हाताऱ्या बाईने कागदी पिशवीत मीठ भरून जानकीबाईला दिलं. तिघी बोटीच्या कठड्याशी उभ्या राहून परतल्या. रीमाला बोट लागली, आणि सासूने तिची पाठ चोळली.

*

हितेश उरलेले दिवस आईशी कामापुरतंच बोलला. पण त्याने पुन्हा तिला कुठेही बस म्हणून सांगितलं नाही, आणि शेवटच्या दिवशी तिघी बसने बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघाल्या, तेव्हा तो मागच्या सीटवर येऊन बसला. जानकीबाईनेही माफी मागितली नाही. मागायचं काही नव्हतं.

राहनाळला आल्यावर केसरीनाथ, तिचे दीर, पडवीत येऊन बसले. कोणा टुरिस्टाने नेटवर टाकलेला आगरावरचा व्हिडिओ गावभर फिरला होता.

"वहिनी, ह्या वयात हे शोभतं का? चारचौघांत हितेशची मान खाली गेली."

"भावजी, त्याची मान त्याच्या खांद्यावर हाय, त्याला सांभाळू दे. तुमी चाय घेनार का?"

केसरीनाथांनी चहा घेतला, आणि विषय मिटला. पण गावातल्या बायकांचा मिटला नाही. त्या रोज दुपारी यायच्या. देवळं, निळं पाणी याविषयी त्या विचारायच्याच नाहीत. बसमध्ये चढायचं कसं, भाषा कळली नाही तर काय करायचं, लघवीची सोय कुठे. जानकीबाई सगळं नीट सांगायची. सगळ्यांत जास्त प्रश्न गोदूचे असायचे. गोदू तिच्याच बरोबरीची, शेजारच्या आळीतली, तिचा मुलगा चांगदेव तिला कल्याणलासुद्धा एकटी सोडायचा नाही.

एक दिवस गोदू आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. जानकीबाई तिच्या दारात गेली. चांगदेव गाडी पुसत होता.

"मावशी, तुमी आमच्या आयच्या डोक्यात काय भरवलंय? पासपोर्ट काढायचा म्हनते. सत्तरीला आलीय! मी न्हाय म्हनून सांगितलंय."

"तू सांगितलंस, ते ऐकलं मी," जानकीबाई म्हणाली. "ती काय म्हनते?"

"ती काय म्हननार?"

"ते तिला इचारलंस का?"

चांगदेवने फडका पिळला. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, तर मागे दार वाजलं. गोदू बाहेर आली होती, इस्त्रीचं लुगडं, पायात चपला, हातात आधार कार्ड आणि रेशन कार्डाची प्लास्टिकची पिशवी.

"मी चाललेय," ती मुलाला म्हणाली. "डाळ शिजवून ठेवलीय, फोडनी तू घाल."

आणि दोघी रस्त्याला लागल्या.